‘फॉरमॅट’ करण्यापूर्वी थांबा!

एक्स्टर्नल ड्राइव्हची निवड, आखणी आणि वापर

लग्नाच्या चित्रीकरणाची डिस्क एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत जाते. पहिल्या ठिकाणी अ‍ॅपलचा मॅक संगणक असतो, दुसऱ्या ठिकाणी विंडोजचा. डिस्क जोडली की काही वेळा ती दिसतच नाही. काही वेळा मात्र पडद्यावर संदेश उमटतो, की ही डिस्क वापरण्यापूर्वी ती फॉरमॅट करणे आवश्यक आहे. फॉरमॅट करायची का? खाली दोन बटणे असतात. घाईत असलेला माणूस ‘फॉरमॅट डिस्क’वर टिचकी मारतो, पुढच्या सूचनेलाही होकार देतो आणि काही क्षणांत डिस्क कोरी दिसू लागते. तीत काही बिघाड नव्हता. चित्रीकरणही जागच्या जागी होते. दुसऱ्या संगणकाला त्या डिस्कवरची मांडणी वाचता येत नव्हती, एवढेच.

संगणकाला डिस्क वाचता न येणे आणि डिस्क रिकामी असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतील फरक ठाऊक नसल्यामुळे कौटुंबिक छायाचित्रे, प्रबंधाची प्रकरणे आणि दुकानाचे हिशेब कायमचे गमावण्याची वेळ येऊ शकते. फायलींची ने-आण करण्यासाठी एक्स्टर्नल ड्राइव्ह घेताना क्षमता आणि किंमत पाहिली जाते. पण ती कोणत्या पद्धतीने फॉरमॅट करावी, हा प्रश्न सहसा अडचण आल्यावरच पुढे येतो. वास्तविक या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची योग्य वेळ एकच असते. ती म्हणजे डिस्क नवी आणि रिकामी असते तो पहिला दिवस.

फॉरमॅट म्हणजे नेमके काय?

मोठ्या ग्रंथालयात पुस्तके कपाटांत असतात आणि कोणते पुस्तक कोठे आहे, याची नोंद सूचीत असते. डिस्कवरही तसेच असते. फायलींतील मजकूर डिस्कच्या लहान लहान कप्प्यांत साठवला जातो आणि कोणत्या फाइलचे तुकडे कोणत्या कप्प्यांत आहेत, याची नोंदवही वेगळी ठेवली जाते. ही नोंदवही ठेवण्याच्या पद्धतीला ‘फाइल सिस्टिम’ म्हणतात. डिस्क फॉरमॅट करणे म्हणजे तिच्यावर अशी एक नवी, कोरी नोंदवही उघडणे होय.

‘क्विक फॉरमॅट’ या नेहमीच्या प्रकारात जुनी नोंदवही बाद होते. मजकूर मात्र त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत बहुधा कप्प्यांत शिल्लक असतो. त्यामुळेच चुकून फॉरमॅट झालेल्या हार्ड डिस्कवरील फायली विशेष सॉफ्टवेअरच्या साह्याने काही वेळा परत मिळवता येतात. त्यासाठी पहिली अट अशी, की चूक लक्षात आल्याबरोबर डिस्कचा वापर पूर्णपणे थांबवला पाहिजे. ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केल्यास विंडोज व्हिस्टा आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांमध्ये सर्व कप्प्यांत शून्ये भरली जातात, मग परतीची वाट उरत नाही. एसएसडी प्रकारच्या ड्राइव्हमध्ये मोकळे झालेले कप्पे ड्राइव्ह स्वतःच पुसून टाकू शकतो. त्यामुळे तेथे साध्या फॉरमॅटनंतरही आशा कमीच असते.

नोंदवह्यांचे प्रकार

अडचण अशी, की वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळ्या काळात आपापल्या नोंदवह्या तयार केल्या. त्यांपैकी पुढील प्रकार सामान्य ग्राहकाच्या कामी येतात.

फॅट-३२ : ही पद्धत १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. आजही ती बहुतेक सर्व उपकरणांना वाचता येते. विंडोज, मॅक, लिनक्स, कॅमेरा, मोटारीतील म्युझिक सिस्टिम, जुना दूरदर्शन संच, झेरॉक्सच्या दुकानातील प्रिंटर अशी तिची व्याप्ती आहे. तिची मोठी मर्यादा म्हणजे एकेका फाइलचा आकार. फाइलच्या आकाराची नोंद करण्यासाठी तिच्यात ३२ बिटांचीच जागा असल्याने ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे साधारण ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर मावत नाही. ६४ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर ६ जीबीचा व्हिडिओ उतरवताना ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो, त्याचे कारण हेच असते. जागा भरपूर असते, परंतु नोंदवहीतील रकाना अपुरा पडतो. शिवाय विंडोजमधील फॉरमॅटच्या सोयीतून ३२ जीबीपेक्षा मोठा भाग या पद्धतीने आखता येत नसे. कमांड लाइनमधून ही मर्यादा २ टीबीपर्यंत वाढवण्याचा बदल मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीत आणला.

एनटीएफएस : १९९३ च्या विंडोज एनटीबरोबर आलेली ही पद्धत आज विंडोजच्या अंतर्गत डिस्कसाठी प्रमाण मानली जाते. मोठ्या फायलींची अडचण तिच्यात नाही. शिवाय तिच्यात ‘जर्नल’ असते. म्हणजे नोंदवहीत बदल करण्यापूर्वी तो आधी कच्च्या वहीत टिपला जातो. मध्येच वीज गेली, तर या कच्च्या नोंदींवरून नोंदवही पुन्हा ताळ्यावर आणता येते. मात्र मॅक संगणक मूळ सोयींनिशी अशा डिस्कवरील फायली फक्त वाचतो. तिच्यावर नवे काही लिहू शकत नाही. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागते. लिनक्समध्ये वाचन आणि लेखन या दोन्हींची सोय आहे.

एक्सफॅट : ने-आणीसाठी सर्वांत उपयुक्त ठरलेली पद्धत ती हीच. मायक्रोसॉफ्टने ती २००६ मध्ये आणली. २००८ मध्ये विंडोज व्हिस्टाच्या पहिल्या सर्व्हिस पॅकमधून ती घरगुती संगणकांवर आली आणि २०१० पासून मॅकलाही ती वाचता-लिहिता येऊ लागली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा तांत्रिक तपशील जाहीर केला आणि त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्यात तिचा प्रवेश झाला. ४ जीबीचा अडसर तिच्यात नाही. ६४ जीबी आणि त्याहून मोठी एसडीएक्ससी मेमरी कार्डे याच पद्धतीने आखलेली असतात. मात्र तिच्यात जर्नलची सोय नाही. लिहिण्याचे काम सुरू असताना केबल ओढली, तर नोंदवहीच विस्कटण्याचा धोका एनटीएफएसपेक्षा अधिक राहतो.

एपीएफएस, एचएफएस प्लस आणि ईएक्सटी-४ : पहिल्या दोन पद्धती अ‍ॅपलच्या आहेत. एचएफएस प्लस १९९८ ची, तर एपीएफएस मॅक संगणकांवर २०१७ पासून रूढ झालेली. ईएक्सटी-४ ही लिनक्सची २००८ मधील पद्धत होय. आपापल्या घरी या तिन्ही उत्तम काम देतात. परंतु वेगळे सॉफ्टवेअर नसेल, तर नेहमीच्या विंडोज संगणकाला त्यांतील काहीच उलगडत नाही. सुरुवातीला सांगितलेला ‘फॉरमॅट करायचे का’ हा प्रश्न अशाच वेळी उभा राहू शकतो.

निवड कशी करावी?

आपली डिस्क कोणकोणत्या यंत्रांना जोडली जाणार आहे, याची यादी प्रथम करावी. यादीत फक्त विंडोज संगणक असतील, तर एनटीएफएस घ्यावी. तिच्यातील जर्नलचा लाभ मिळतो. विंडोज आणि मॅक दोन्ही असतील आणि दोन्हीकडे लिहायचे असेल, तर एक्सफॅटला पर्याय नाही असे म्हटले तरी चालेल. दोन्ही मॅक असतील आणि ते २०१७ नंतरच्या प्रणालीवर चालत असतील, तर एपीएफएस योग्य. दुकानात छपाईसाठी न्यावयाचा लहान पेन ड्राइव्ह फॅट-३२ ठेवल्यास अडचणी कमी येतात.

यादीत दूरदर्शन संच किंवा मोटारीतील यंत्रणा असेल, तर तिची माहितीपुस्तिका अवश्य पाहावी. काही संच एक्सफॅट वाचतात, काही फक्त फॅट-३२ आणि एनटीएफएस. येथे अंदाजावर विसंबू नये.

डिस्क आधीच भरलेली असेल आणि पद्धत बदलायची असेल, तर फायली दुसरीकडे उतरवून, त्या उघडतात याची खात्री करून, मगच फॉरमॅट करावे. विंडोजमध्ये फॅट-३२ वरून एनटीएफएसवर फायली न पुसता जाण्याची सोय आहे. परंतु उलट दिशेने किंवा एक्सफॅटकडे जाण्यासाठी तशी वाट नाही.

डिस्क कोणती घ्यावी?

फ्लॉपीमध्ये १.४४ एमबी मजकूर मावत असे. २००० च्या सुमारास आलेल्या पहिल्या पेन ड्राइव्हची क्षमता ८ एमबी होती आणि तीही त्या काळी पुष्कळ वाटली. आज ग्राहकापुढे मुख्यतः तीन पर्याय असतात. पेन ड्राइव्ह खिशात मावतो, स्वस्त असतो आणि तितक्याच सहजपणे हरवतो. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क प्रत्येक जीबीमागे स्वस्त पडते, पण चालू असताना धक्का लागलेला तिला सोसत नाही. फिरता भाग नसलेली एसएसडी वेगवान आणि धक्के सोसणारी असते, पण महाग. रोज पिशवीतून लोकलने प्रवास करणाऱ्या डिस्कसाठी एसएसडी उचित. टेबलावर राहून मोठा संग्रह सांभाळणाऱ्या डिस्कसाठी हार्ड डिस्क पुरेशी. मात्र एकदा भरून वर्षानुवर्षे कपाटात बंद ठेवण्यासाठी एसएसडीवर भिस्त ठेवू नये. वीज न मिळता दीर्घकाळ पडून राहिल्यास तीत साठलेली माहिती क्षीण होऊ शकते.

हार्ड डिस्क घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. अडीच इंची डिस्क यूएसबी केबलमधूनच वीज घेते. साडेतीन इंची डिस्कला स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर लागतो, म्हणजे डिस्क नेली आणि अ‍ॅडॉप्टर घरी राहिला, तर फेरी फुकट जाते.

क्षमतेच्या आकड्यांबाबत अनेकांना फसवणूक झाल्यासारखे वाटते. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी एवढीच दिसते. यात दुकानदाराचा दोष नसतो. कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट असे मोजते. विंडोज मात्र १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइटांना १ जीबी मानते. मापे दोन असल्याने आकडे दोन येतात, बाइटांची संख्या तीच राहते. मॅक २००९ पासून कंपन्यांच्याच पद्धतीने मोजतो, म्हणून त्यावर तीच डिस्क पूर्ण १ टीबीची दिसते.

खरी फसवणूक वेगळी असते. अगदी नगण्य किमतीत कित्येक टीबी देऊ करणारे काही ड्राइव्ह आतून लहान असतात आणि संगणकाला खोटी क्षमता सांगतात. आरंभी फायली व्यवस्थित उतरल्यासारख्या वाटतात. खरी जागा संपली की पुढचा मजकूर हरवतो किंवा आधीच्या मजकुरावर लिहिला जातो. ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ आणि ‘एफथ्री’ ही मोफत सॉफ्टवेअरे ड्राइव्ह पूर्ण भरून आणि परत वाचून अशी लबाडी उघडी पाडतात. अनोळखी नाममुद्रेचा ड्राइव्ह घेतल्यास महत्त्वाची फाइल ठेवण्यापूर्वी ही परीक्षा घ्यावी.

वेगाचे गणित

यूएसबी जोडणी विकसित करणाऱ्या इंटेलमधील अभियंत्यांत अजय भट्ट हे प्रमुख नाव होय. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. १९९६ मध्ये आलेल्या या जोडणीचा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट होता. २००० मध्ये यूएसबी २.० ने तो ४८० मेगाबिटवर नेला, २००८ मध्ये यूएसबी ३.० ने ५ गिगाबिटवर आणि २०१९ च्या यूएसबी ४ ने ४० गिगाबिटवर.

हे आकडे कमाल वेगाचे आहेत. प्रत्यक्षात यूएसबी २.० मधून सेकंदाला ३० ते ४० एमबी मजकूर जातो. सेकंदाला ३५ एमबी धरल्यास १०० जीबी उतरवण्यास पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. हार्ड डिस्क यूएसबी ३.० ला जोडून १२० एमबीचा वेग मिळाल्यास तेच काम सुमारे १४ मिनिटांत होते. ५०० एमबी वेगाच्या एसएसडीवर साडेतीन मिनिटेही लागत नाहीत. मात्र ड्राइव्ह, केबल आणि संगणकावरील पोर्ट या तिघांत जो सर्वांत मंद, त्याचाच वेग सर्वांना लागू होतो. टाइप-सी हे टोकाच्या आकाराचे नाव आहे, वेगाचे नव्हे. मोबाइल चार्ज करण्यासाठी मिळालेल्या टाइप-सी केबलमधून अनेकदा यूएसबी २.० एवढाच वेग मिळतो. म्हणून ड्राइव्हबरोबर आलेलीच केबल वापरावी. वेष्टनावरील ३.०, ३.१, ३.२ या बदलत्या नावांपेक्षा ५, १०, २० किंवा ४० गिगाबिट हा आकडा पाहणे अधिक भरवशाचे.

प्रत्यक्ष फॉरमॅट

फॉरमॅट करण्यापूर्वी संगणकाला जोडलेले इतर सर्व पेन ड्राइव्ह आणि डिस्क काढून ठेवाव्यात. चुकीचे अक्षर निवडून भलतीच डिस्क पुसली जाण्याचा धोका त्याने टळतो. नव्या डिस्कवर कंपनीने काही सॉफ्टवेअर दिले असेल आणि ते हवे असेल, तर त्याची प्रत आधी काढावी.

विंडोजमध्ये ‘धिस पीसी’ उघडून ड्राइव्हच्या चित्रावर माउसचे उजवे बटण दाबावे आणि ‘फॉरमॅट’ निवडावे. समोर आलेल्या खिडकीतील क्षमतेचा आकडा आपल्याच ड्राइव्हचा आहे ना, हे पुन्हा पाहावे. ‘फाइल सिस्टिम’मध्ये ठरवलेली पद्धत निवडावी. ‘अ‍ॅलोकेशन युनिट साइझ’ आहे तसेच राहू द्यावे. ‘व्हॉल्यूम लेबल’मध्ये ओळखता येईल असे लहान नाव द्यावे. नव्या डिस्कसाठी ‘क्विक फॉरमॅट’ पुरे. पूर्ण फॉरमॅटला १ टीबीच्या हार्ड डिस्कवर सेकंदाला १२० एमबी वेगानेही सव्वादोन तासांहून अधिक वेळ लागतो. पण डिस्क दुसऱ्याला देऊन टाकायची असेल, तर तो सार्थकी लागतो.

मॅकवर ‘डिस्क युटिलिटी’ उघडून ‘व्ह्यू’ या यादीतून सर्व उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडावा. डावीकडे आपल्या ड्राइव्हची सर्वांत वरची ओळ निवडून ‘इरेझ’ दाबावे. तेथे नाव, पद्धत आणि ‘स्कीम’ असे तीन रकाने येतात. पद्धत एक्सफॅट आणि स्कीम ‘ग्विड पार्टिशन मॅप’ ठेवावी. स्कीम म्हणजे डिस्कचे भाग पाडण्याची पद्धत. ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ ही तिची जुनी पद्धत नेहमीच्या डिस्कवर सुमारे २ टीबीच्या पलीकडे पोहोचत नाही. जुन्या उपकरणांना मात्र काही वेळा तीच समजते. लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांत ‘डिस्क्स’ नावाच्या सोयीतून हेच काम होते.

एक्सफॅटबाबत एक खाचखळगा ध्यानात ठेवावा. ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हवर विंडोज एक्सफॅटचा प्रत्येक कप्पा आपोआप १२८ केबीचा आखते. २ केबीची चिठ्ठीही मग १२८ केबी जागा अडवते. अशा १ लाख लहान फायली असतील, तर मजकूर थोडा असूनही सुमारे १३ जीबी जागा व्यापली जाते. त्यावर उपाय म्हणजे असे फोल्डर आधी झिप करून एकच फाइल बनवावी. तिची नक्कलही पुष्कळ लवकर होते.

नक्कल झाली, पण पोहोचली का?

पडद्यावरील हिरवी पट्टी शंभर टक्क्यांवर गेली, म्हणजे सर्व मजकूर डिस्कवर उतरलाच असे नाही. वेग वाढवण्यासाठी संगणक काही मजकूर स्वतःच्या स्मृतीत धरून ठेवतो आणि सवडीने लिहितो. विंडोज १० च्या २०१८ मधील सुधारणेपासून बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हसाठी ही उधारी आपोआप बंद ठेवण्यात आली आहे. मॅक आणि लिनक्सवर मात्र ‘इजेक्ट’ केल्याशिवाय केबल काढू नये. विंडोजवरही तीच सवय ठेवावी, कारण एक्सफॅटला जर्नलचा आधार नाही, हे आधी पाहिलेच.

नकलेची खात्री करण्याचा सोपा मार्ग म्हणजे मूळ आणि नव्या फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये फायलींची संख्या आणि ‘साइझ’चा बाइटांतील आकडा पडताळणे. ‘साइझ ऑन डिस्क’ हा दुसरा आकडा कप्प्यांच्या आकारानुसार बदलतो, त्याने गोंधळू नये. त्यानंतर चार-दोन मोठ्या फायली नव्या जागेवरून उघडून पाहाव्यात. मॅकवरून आलेल्या ड्राइव्हवर ठिपका आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या अनोळखी लहान फायली विंडोजमध्ये दिसतात. त्या मॅकच्या स्वतःच्या नोंदी असतात, विषाणू नव्हेत. मात्र त्यांच्यामुळे फायलींची मोजणी जुळत नाही असे वाटू शकते.

मराठी मजकुराबाबत एक अडचण डिस्कच्या पलीकडची आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निमूटपणे पोहोचतो, पण तेथे तो फाँट नसेल, तर उघडल्यावर अक्षरांऐवजी अगम्य चिन्हे दिसतात. असा दस्तऐवज छपाईला नेताना त्याची पीडीएफ प्रत काढावी आणि तीत फाँट समाविष्ट झाल्याचे पाहावे. यापुढे वापरायचा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. फायलींना देवनागरीत नावे देण्यास आजच्या पद्धतींत अडसर नाही. नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका किंवा तिरप्या रेघा मात्र नसाव्यात, विंडोज त्या स्वीकारत नाही. ‘दिनांक १२/५’ असे नाव देण्याचा मोह टाळावा.

हरवणे आणि विषाणू

खिशात मावणारी वस्तू खिशातूनच पडते. ड्राइव्हवर आधार कार्डाची प्रत, बँकेचे तपशील किंवा अशिलांची कागदपत्रे असतील, तर त्याला कुलूप हवे. विंडोजमधील ‘बिटलॉकर’चे कुलूप मॅकला उघडता येत नाही, अ‍ॅपलच्या कुलपाचेही विंडोजवर तेच. दोन्हीकडे चालणारे ‘व्हेराक्रिप्ट’ हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी वापरता येते. परवलीचा शब्द विसरला, तर मजकूर मालकालाही मिळत नाही, याची जाणीव ठेवावी.

पेन ड्राइव्हमधून विषाणू कसा पसरतो, हे २००८-०९ मध्ये ‘कॉन्फिकर’ने जगाला दाखवले. मायक्रोसॉफ्टने पुढे पेन ड्राइव्ह जोडताच कार्यक्रम आपोआप सुरू होण्याची सोय बंद केली, तरी धोका संपलेला नाही. झेरॉक्स किंवा सायबर कॅफेत नेण्यासाठी वेगळा, लहान पेन ड्राइव्ह ठेवावा आणि त्यावर छापावयाची फाइल तेवढी असावी. घरचा सारा संग्रह असलेली डिस्क परक्या संगणकाला जोडू नये.

संदेश आलाच तर

एवढी काळजी घेऊनही एखाद्या दिवशी तो संदेश येईल. फॉरमॅट करण्याविषयी विचारले जाईल किंवा मॅक सांगेल, की डिस्क वाचता येत नाही. अशा वेळी विंडोजमध्ये ‘कॅन्सल’ आणि मॅकवर ‘इजेक्ट’ हेच उत्तर द्यावे. मग ही डिस्क याआधी कोणत्या संगणकावर वापरली होती, हे आठवून तिथेच ती पुन्हा जोडावी. तेथे ती उघडली, तर प्रश्न फक्त पद्धतीचा होता. फायली उतरवून घ्याव्यात आणि दोन्ही यंत्रांना चालेल अशी आखणी करावी. तेथेही उघडली नाही, तर केबल आणि पोर्ट बदलून पाहावे. त्यानंतरही यश न आल्यास आणि मजकूर मोलाचा असल्यास घरगुती प्रयोग थांबवून डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडे जावे. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर ती पुन्हा चालूच करू नये.

ने-आणीची डिस्क हे वाहन आहे, कोठार नव्हे. फायली ज्या संगणकावरून घेतल्या, तेथील प्रत दुसऱ्या टोकाला फायली उघडून पाहिल्याशिवाय पुसू नये आणि मोलाच्या फायलींची आणखी एक प्रत नेहमी वेगळ्या ठिकाणी ठेवावी. एकुलती एक प्रत डिस्कवर असेल, तर चुकून दाबलेले एक बटण सारे काही नेऊ शकते. दुसरी प्रत घरी सुरक्षित असेल, तर त्याच चुकीची किंमत फार तर पुन्हा नक्कल करण्यातला वेळ एवढीच राहते.